पहिल्या रांगेतला समुद्र

२ जून
रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती पाचच दिवसांत पेन हरवल्यामुळे बंद पडली. यंदा पेनाला दोरा बांधलाय.

मोठी बातमी. सभागृहाचं रंगकाम निघालंय. म्हणजे व्यवस्थापकाला, अर्थात मला, चक्क सुट्टी. आणि सुट्टीत परदेश. सहकुटुंब. समुद्रकाठचं शहर. तिकिटं काढली.

साडूला फोन करून सांगितलं. साडू म्हणजे सौ.च्या बहिणीचा नवरा. घरात आम्ही त्याला जगप्रवासी म्हणतो. अर्धं जग बघितलं पठ्ठ्याने, पण सगळं टूर कंपनीची पिवळी टोपी घालून, झेंडा धरलेल्या पोरीच्या मागे मेंढरासारखं. त्याने विचारलं, कुठल्या कंपनीबरोबर जाताय? म्हटलं, माझ्याबरोबर. त्याने दोनदा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. भारावला असणार.

संकल्प: या प्रवासात कुणालाही काहीही विचारायचं नाही. विचारणारा माणूस लगेच पर्यटक दिसतो.

४ जून
सौ.ची मागणी आली. एकच आहे. पहिल्या संध्याकाळी समुद्रात सूर्य बुडताना बघायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका जागी बसून. बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल म्हणाली.

तिने समुद्र बघितलेला नाही. लग्नानंतर लगेच नेणार होतो, पण नेमका हॉलचा सीझन होता. पुढच्या वर्षी पुन्हा सीझन. हॉलला दरवर्षी सीझन येतो, यात माझा काय दोष?

मी तिला शब्द दिला. नुसता सूर्यास्त नाही, पहिल्या रांगेत सूर्यास्त. पहिली रांग कशी राखायची हे मला कुणी शिकवू नये. उभा जन्म त्यात गेलाय. पाहुणे यायच्या आत खुर्चीवर रुमाल पडला नाही तर तिथे कोण येऊन बसेल सांगता येत नाही. रुमाल टाकण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गावात नाही.

सौ.ला मात्र मी कधी पहिल्या रांगेत बसवलं नाही. व्यवस्थापकाचीच बायको पुढे बसली तर लोक नावं ठेवतात. ती शेवटच्या रांगेत, खांबाजवळ. ती म्हणते, आजवर तिने प्रत्येक नाटकाची फक्त डावी बाजू बघितली आहे. म्हणून या वेळी समोरून, मधोमध, मध्ये कुणाचं डोकं नाही. असा शब्द दिला.

शब्द नको, सूर्यास्त द्या, म्हणाली. बायकांची आभार मानायची पद्धत वेगळी असते.

७ जून
सामानाची तयारी. कन्या (कॉलेज, दुसरं वर्ष, सगळ्या विषयांत मत) म्हणते, सगळं मोबाईलमध्ये असतं, काही न्यायची गरज नाही. मोबाईलची बॅटरी संपली की या पिढीचा मेंदूही बंद पडतो. मी माझी तयारी केली:

गजराचं घड्याळ. चावीचं. वडिलांच्या वेळचं. टिकटिक जरा मोठी आहे, पण वेळेला पक्कं.

साखळी. आगगाडीत बर्थखाली सामान बांधतो ती. सोबत पितळी कुलूप. परदेशात साखळी कशाला, असं कन्येने विचारलं. माणूस इथून तिथून सारखाच, असं मी सांगितलं. यावर तिने कानात हेडफोन घातले.

काळी रेक्झिनची बॅग. हॉलमधली, पूर्वी माइक ठेवायचो ती. दणकट. अस्तरात एक लाल वायर अडकलीय, ती ओढली तर अस्तर येतं. राहू दे. वायर काही खायला मागत नाही.

९ जून
पासपोर्ट कुठे ठेवायचे यावर घरात खडाजंगी. पोटाला बांधायचं पाकीट मिळतं असं कन्या म्हणाली. यांच्या पोटाला आणखी काही बांधायला जागा नाही असं सौ. म्हणाली. दोघी हसल्या. मी नाही.

निर्णय: तिन्ही पासपोर्ट काळ्या बॅगेत. चोर पाकीट मारतो, पर्स मारतो. माइकच्या जुन्या बॅगेकडे तो ढुंकूनही बघणार नाही. शेवटी अक्कल ही विकत मिळत नाही. कन्येने स्वतःच्या आणि आईच्या पासपोर्टला प्लास्टिकचं कव्हर घातलं. मला विचारलं. मी नको म्हटलं. कव्हरमुळे पासपोर्टला घाम येतो.

१२ जून
विमानतळ. तपासणीत माझी काळी बॅग बाजूला काढली. घड्याळ बघून एक अधिकारी आला, मग दुसरा, मग त्यांचा साहेब. तिघे बराच वेळ ते न्याहाळत होते. जुन्या वस्तूंची कदर असलेली माणसं अजून शिल्लक आहेत, हे बघून बरं वाटलं. साखळी तेवढी मोठ्या सामानात टाकायला लावली. मत्सर, दुसरं काय.

सौ.ला खिडकी दिली. ती म्हणाली, वरून समुद्र दिसेल का? पंख मध्ये आला.

१३ जून, सकाळ
पोचलो! परदेशातला पहिला दिवस. हवा छान. झोप नाही, तरी मी ताजातवाना. मुलगी आणि तिची आई मात्र टॅक्सीत माना टाकून. टॅक्सीवाल्याला रस्ता मीच दाखवत होतो. दोनदा त्याने गाडी बाजूला घेऊन माझ्याकडे वळून बघितलं. शेवटी माझं न ऐकता त्याने हॉटेल गाठलं. योगायोगाने बरोबर निघालं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी खोली दुपारपर्यंत मिळणार नाही म्हणून सांगितलं. मी त्यांना एका व्यवस्थापकाने दुसऱ्या व्यवस्थापकाला सांगावं तसं खेळीमेळीत सांगितलं की पाहुणा दारात उभा राहिला तर संस्थेची अब्रू जाते. बाई हसल्या आणि समोरचा सोफा दाखवला. पाणीही दिलं. माझ्या बोलण्याचा परिणाम. सोफ्यावर आमच्याआधीच आणखी दोन कुटुंबं बसली होती, त्यांनीही काही तरी बोलून बघितलं असणार.

साडेनऊ
सौ. उठून काउंटरपाशी जाऊन आली. समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे असं कळलं म्हणे. कुणी सांगितलं? काउंटरच्या बाईंनी. म्हणजे विचारलं! संकल्पाला पहिल्याच दिवशी घरातून सुरुंग.

तिचं म्हणणं, सामान इथेच ठेवू आणि आत्ताच पाय भिजवून येऊ.

मी स्पष्ट नाही म्हटलं. कार्यक्रम संध्याकाळचा आहे. पडदा वेळेआधी उघडला तर नाटकाची मजा जाते. समुद्राचं पहिलं दर्शन पहिल्या रांगेतूनच. ती म्हणाली, समुद्र काय पडद्यामागे मेकअप करतोय का? लोक बघत होते, म्हणून मी हसून साजरं केलं.

साडेअकरा
वेळ घालवायला शहर बघायला निघालो. मी असा रस्ता निवडला की समुद्र दिसू नये. समुद्रकाठच्या शहरात हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक चौकात तो डोकावतो. एका चौकात डावीकडे एकदम निळं निळं दिसायला लागलं. मी सौ.ला उजवीकडे बघायला सांगितलं. उजवीकडे टायरचं दुकान होतं. तिने ते बघितलं.

पुढे पुन्हा तेच. उजवीकडे या वेळी एक बँक. तीही बघितली. आईने आत्तापर्यंत टायर, बँक आणि दोन पार्किंग बघितली, असा हिशेब कन्येने मोबाईलवर मावशीला पाठवला. मावशीकडून तो जगप्रवाशाकडे गेला. त्याचा फोन आला. टूर कंपनीचा नंबर देऊन ठेवू का म्हणाला. आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवला.

सौ. बोलत नाहीये. उत्सुकता ताणली गेली की माणूस गप्प होतो. हेच मला हवं होतं.

दुपारी दीड
खोली मिळाली. न्हाणीघरात कमोडच्या वर एक छोटी खिडकी आहे. कन्येने कमोडवर चढून बघितलं आणि ओरडली की दिसतोय! सौ. धावली. मी दार अडवलं. कमोडवर उभं राहून पहिलं दर्शन घेणं शोभतं का? दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याला आदर म्हणता येणार नाही, पण संध्याकाळी म्हणतील.

आता मी एकटा जाऊन जागेची पाहणी करून येतो. बॅग, साखळी, कुलूप, घड्याळ, सगळं बरोबर. पासपोर्ट बॅगेतच आहेत, ते हॉटेलात काढून ठेवणं धोक्याचं. सफाईवाले येतात.

दुपारी पावणेतीन
मोहीम फत्ते!

समुद्रासमोर लांबच लांब फरसबंद रस्ता, त्यावर बाकं. मधलं बाक म्हणजे अगदी मधोमध. समोर रेलिंगसुद्धा नाही. आणि चमत्कार म्हणजे एकाही बाकावर रुमाल नाही! ऊन आहे म्हणून सगळं गाव सावलीत. एवढा प्रगत देश, पण दूरदृष्टी शून्य.

बाकाच्या पायाला साखळी, साखळीला बॅग, बॅगेला कुलूप. आत घड्याळ. सहाचा गजर लावून ठेवला, म्हणजे आम्ही बोलत बसलो तरी सूर्यास्ताच्या आधी जाग येईल. वर माझा चौकटीचा रुमाल पसरून दोन्ही टोकांना गाठ. जागा इतकी पक्की मी मंत्र्यासाठीसुद्धा कधी केली नव्हती.

रेंगाळलं की लोकांच्या नजरेत भरतं, मग नंतर येऊन बसतात. म्हणून काळा चष्मा लावला, टोपी खाली ओढली आणि मागे न बघता झपाझप निघालो. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन चालली होती, तिने मागून दोनतीनदा हाक मारली. मी चाल वाढवली. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. मी जवळजवळ पळालोच. अशा म्हाताऱ्या प्रत्येक गावात असतात. ही जागा माझी नेहमीची, मी इथेच बसते. यांच्या नादी लागायचं नाही हे मी हॉलमध्ये शिकलोय.

समुद्र? हो, होता. बऱ्यापैकी मोठा आहे. साखळीच्या गडबडीत नीट बघायला झालं नाही.

चार वाजता
जरा पडलो होतो. बाहेर सारखे सायरन. वरून हेलिकॉप्टरही गेलं. शहर उत्साही आहे.

सौ. नवीन साडी नेसून बसली आहे. आत्तापासून. पर्समध्ये पाण्याची बाटली, उन्हाची टोपी आणि कुठून तरी आणलेला छोटा टॉवेल. पाय पुसायला म्हणाली. खिडकी नसलेल्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसली आहे आणि पाय हलवते आहे. लग्नात वरात यायच्या आधी अशी बसली होती, तिच्या बहिणीने मला नंतर सांगितलं होतं. मला एकदम भरून आलं. म्हटलं, आज हिला समोरच्या खुर्चीत बसवणारच. मेलो तरी बेहत्तर.

कन्या म्हणते, मोबाईलवर काही तरी आलंय, समुद्रकिनारा बंद केला म्हणे. म्हटलं, अफवा. समुद्र कुणी बंद करू शकतं का?

पाच वाजून गेले
निघालो. रस्त्यात अख्खं गाव उलट दिशेने येत होतं. पोरंबाळं, छत्र्या, हवेचे चेंडू, कोरडे टॉवेल. त्यांचा समुद्र बघून झाला असावा. आपल्याला तेवढीच मोकळीक. दोघीतिघींनी हातांनी आम्हाला मागे फिरायच्या खुणा केल्या. मी हसून मान हलवली. जागा राखलेली असली की माणसाला एक वेगळीच शांतता लाभते.

आता पिवळी पट्टी लावलेल्या जागी उभे आहोत. पुढे पोलीस. रस्ता बंद. पोलीसबाईंनी कन्येला सांगितलं ते असं: कुणी तरी माणूस बाकाला एक संशयास्पद वस्तू बांधून पळून गेला. एका वृद्ध बाईंनी बघितलं. त्या हाका मारत होत्या तरी तो थांबला नाही.

काय ही माणसं! संतापाने माझं डोकं फिरलं. इतक्या सुंदर शहरात, बायकापोरं फिरायला आलेली असताना, एखाद्या दीडशहाण्याने असं करावं? मी सौ.ला आणि कन्येला उभ्या उभ्या नागरी शिस्तीवर चार शब्द सांगितले. आसपासचे लोकही ऐकत होते. भाषा कळत नव्हती, पण भावना पोचत होत्या. असल्या माणसाला धरून भर चौकात जाब विचारला पाहिजे, असा समारोप केला.

कन्या एकदम माझ्याकडे टक लावून बघायला लागली. तिने हळूच विचारलं, बाबा, काळी बॅग कुठाय? म्हटलं, जागेवर. तिने विचारलं, कुठल्या जागेवर? म्हटलं, सरप्राइज आहे. ती फुटपाथवर बसली. उन्हाचा त्रास झाला असेल. पाणी दिलं.

जरा वेळाने
थोडक्यात लिहितो, कारण गाडी हलते आहे.

सूर्य खाली यायला लागला. सौ. चवड्यांवर उभी राहून बघायचा प्रयत्न करत होती. पण पुढे पोलिसांची गाडी आणि तिच्या बाजूला खांब. पुन्हा खांबच! मला ते सहन होईना. मी पट्टीखालून वाकून पोलीसबाईंकडे गेलो. कन्या मागून माझा शर्ट ओढत होती आणि बाबा, प्लीज, गप्प बसा असं म्हणत होती. गप्प बसलो असतो तर आजवर एवढी मोठी संस्था चालवली असती का?

बाईंना स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की बाकीच्यांसाठी रस्ता बंद असेल, पण आमचं रिझर्व्हेशन आहे. मधलं बाक. दुपारीच केलंय. खात्री करायची असेल तर जाऊन बघा. काळी बॅग आहे, साखळीने बांधलेली, वर चौकटीचा रुमाल. कुलपाची किल्ली ही बघा माझ्याकडे.

बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. हळू. मी हळू सांगितलं. त्यांनी रेडिओवर कुणाला तरी जसंच्या तसं सांगितलं. आणि मग वागणुकीत जो फरक पडला म्हणता! पाच अधिकारी धावत आले. दोघांनी दोन्ही दंड धरले, एकाने टोपी काढली, एकाने चष्मा. कुत्र्यावाली म्हातारीही कुठून तरी उगवली आणि माझ्याकडे बोट दाखवून मान डोलवायला लागली. ओळख पटली एकदाची.

आत काय आहे असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घड्याळ आहे.

तेवढ्यात सहा वाजले.

आमच्या गजराचा आवाज मी लांबूनसुद्धा ओळखला. टणटणीत. वडील म्हणायचे, हा मेलेल्यालाही उठवेल. इथे उलटंच झालं, उभे असलेले सगळे आडवे झाले. जाड चिलखत घातलेले चार जवान, पोलीसबाई, म्हातारी, कुत्रं. माझे दंड धरलेले दोघेही मला घेऊनच आडवे झाले. एकटी सौ. उभी होती. ती म्हणाली, अगं बाई, हा तर आपला गजर.

मी पडल्या पडल्या किल्ली वर करून दाखवत होतो. कुणी घेतली नाही. एक यंत्र चाकांवर चालत गेलं आणि त्याने पाण्याचा असा फवारा मारला की आवाज बंद.

आता पोलिसांच्या गाडीत आहे. सौ. आणि कन्या मागच्या गाडीतून येताहेत. गैरसमज आहे, पाच मिनिटांत निवळेल. मी शांतपणे सगळं समजावून सांगणार. ही गाडी समुद्राच्याच बाजूला चालली आहे असं वाटतं. कदाचित मागच्या दाराने पुढच्या बाकावर नेतील.

पोलीस चौकी
नेलं नाही. चौकी किनाऱ्यावरच आहे, पण ही खोली आतली. खिडकी नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर समुद्राचं चित्र.

कन्येने दुभाष्याचं काम केलं. बरंचसं तिने मला न विचारताच सांगितलं. आमचे वडील असे आहेत, असं काही तरी. साहेबांनी आपादमस्तक माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ते पटलं. बरं झालं, नाही तर प्रकरण लांबलं असतं.

पासपोर्ट मागितले. मी म्हटलं, अगदी सुरक्षित आहेत. कुठे? बॅगेत. साहेबांनी डोळे मिटले. मग एका बशीतून ते आणले. कव्हरातले दोन ठीकठाक. माझा लगदा झालाय. फोटोतला एक कान तेवढा ओळखू येतो. नवीन कागदपत्रं होईपर्यंत मला कचेऱ्यांमध्ये खेटे घालावे लागतील म्हणे. कन्येने जगप्रवाशाला फोन केला. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळं त्याने सांगितलं. टूर कंपन्यांना असल्या गोष्टींची सवय असते, कारण त्यांच्याबरोबर भोळसट लोक येतात.

गुन्हा नोंदवणार नाहीत. दंड होईल. आणि लेखी जबाब. माझा एकट्याचा. दोघींचं काम नाही म्हणून साहेबांनी त्यांना जायला सांगितलं.

दारात सौ. थांबली. सूर्य किती उरलाय, असं तिने कन्येकरवी पोलीसबाईंना विचारलं. कन्येने त्यांना आणखीही काही सांगितलं असावं, कारण बाई एकदम उठल्या आणि सौ.चा हात धरून तिला घेऊन गेल्या. माझ्याकडे न बघता.

मी साहेबांना सांगायचा प्रयत्न केला की तिला मीच नेणार होतो, तसा शब्द दिला होता. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. रुमालाची गाठ कुठल्या हाताने मारली, हा प्रश्न चालू आहे.

अंधार पडल्यावर, चौकीच्या व्हरांड्यात
ती आली.

चपला हातात. साडीची किनार ओली, पायांना वाळू. टॉवेल कोरडाच, पर्समध्ये.

मी उठलो आणि आधी कारणं सांगितली. म्हातारी, यंत्र, या लोकांची अतिसावधगिरी. ती ऐकत नव्हती. माझ्या शेजारी बाकावर बसली आणि आपणहून सांगायला लागली.

किनारा अजून लोकांना खुला केला नव्हता. पोलीसबाईंनी तिला पट्टीच्या आत नेऊन सोडलं आणि कन्येला घेऊन मागे थांबल्या. सगळा किनारा रिकामा. ना माणूस, ना बाक, ना आवाज. ती वाळूतच बसली. पाणी आपणहून पायापर्यंत आलं म्हणाली, आपण काहीच करायचं नसतं. सूर्य खाली जाताना वाटला होता तसा घाईत नव्हता. शेवटी एवढासा राहिला, नखाएवढा, तेव्हा तिला वाटलं आता गेला, तर तो तसाच थांबला. मग गेला. गेल्यावरही ती उठली नाही, कारण खरा रंग त्यानंतर आला. आणि इतका वेळ, म्हणाली, कुणी कानाशी सांगत नव्हतं, आता इकडे बघ, आता तिकडे बघ.

ती किती तरी वेळ बोलत होती. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलल्याचं आठवत नाही. बोललीही असेल. तिचा चेहरा कसा दिसत होता ते इथे लिहिता येत नाही. मी तो बघत राहिलो.

मला म्हणायचं होतं की जागा मधलीच होती ना, मी निवडली होती तीच. म्हटलं नाही.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. जबाब आज पूर्ण झाला नाही, म्हणाले. उद्या मला पुन्हा यावं लागेल, एकट्याला, दोनतीन तास तरी जातील. कुठली वेळ सोयीची पडेल?

मी सकाळची म्हणणार होतो. पण सौ.ने कन्येला जवळ बोलावलं आणि साहेबांना विचारायला सांगितलं की यांचं संध्याकाळचं ठेवता येईल का. आजच्यासारखंच नको, जरा आधीपासून. सूर्य खाली यायला लागतो तेव्हापासून.

कन्येने विचारलं. जमेल, म्हणाले साहेब.